भारद्वाजाची मुळी

सगुणा माप ओलांडायला उंबऱ्याशी उभी राहिली आणि नेमका त्याच वेळी मेंदीच्या कुंपणावरून भारद्वाज अंगणात उतरला. उतरला म्हणजे धपकन पडलाच; या पक्ष्याला उडायचा मुळात कंटाळा. मग लांब शेपटी सावरत, पाटलासारखी पावलं टाकत तो डावीकडून उजवीकडे अख्खं अंगण ओलांडून गेला. वाजंत्री वाजत होती, पोरं ओरडत होती, त्याला कशाचं काही नव्हतं. कावळ्यापेक्षा थोराड, काळं कुळकुळीत अंग, त्यावर शाल पांघरावी तसे तांबूस पंख आणि गुंजेसारखे लालभडक डोळे.

माझे सासरे वारणाकाठचे नावाजलेले हाडवैद्य. आम्ही सुना त्यांना मामा म्हणायचो. भल्याभल्यांचे मोडके हात त्यांनी सरळ केले होते, त्यामुळे ते स्वतः कुणापुढे वाकत नसत. त्यांनी त्या पाखरापुढे हात जोडले.

"बगा," ते वऱ्हाडाला म्हणाले, "लक्षुमीच्या संगट भारद्वाज आला. पोरीचा पायगुण सांगाय आता दुसरं कोन पायजे?"

मी आरतीचं ताट घेऊन उभी होते. थोरली जाऊ, म्हणून ओवाळायचा मान माझा. आठ वर्षांपूर्वी याच उंबऱ्यावर मी उभी होते तेव्हा कुंपणावर साधा कावळाही फिरकला नव्हता. मी हसतमुखाने ओवाळलं. ताट जरा जोरात फिरलं असेल, निरांजन विझलं.

माझ्या माहेरी या पाखराला कुंभारकावळा म्हणायचे आणि दिसला की दगड मारायचे, कारण तो कोंबडीची पिल्लं उचलतो. सासरी मात्र त्याचं फार कौतुक. कोर्टाच्या तारखेला निघालेला माणूस, पोरीसाठी स्थळ बघायला निघालेला बाप, सगळे आधी भारद्वाज दिसतो का बघायचे आणि दिसला की कामगिरी फत्ते झाली असं धरून चालायचे. सगुणा आली आणि लोकांना वाटायला लागलं की ती दारात असली की तो दिसतोच. दिसायचा, कारण तो आधीपासून आमच्या कुंपणातच राहत होता. पण हे कुणाला सांगणार? म्हैस व्याली आणि रेडी झाली, सगुणाचा पायगुण. रानातल्या विहिरीला पाणी वाढलं, सगुणाचा पायगुण. माझे मालकसुद्धा एकदा भाकरी खाता खाता म्हणाले, "पोरगी नशिबाची हाय." मी पुढची भाकरी त्यांना करपलेली वाढली.

आणि ती दिसायला काही रंभा नव्हती. बारीक, सावळी, बोलणं जेवढ्यास तेवढं. मी काही टाकून बोलले की "व्हय आक्का" म्हणायची. भांडायला आली असती तर मला बरं वाटलं असतं.

आता मुख्य गोष्ट तेलाची. आमच्या घरचा रिवाज असा, की हाडं पुरुषांनी बसवायची आणि तेल बाईने करायचं. मामांनी हाड बसवलं, बांबूच्या कामट्या बांधल्या, की पुढे महिना-दीड महिना रोगी तेलासाठी त्या बाईच्या दारात यायचा आणि बरा झाला की आधी तिच्या पाया पडून मग मामांच्या पाया पडायचा. जिच्या हातात तेलाची बरणी, तिचा शब्द घरात चालायचा. सासूबाई होत्या तोवर तो मान त्यांचा होता. त्यांच्या हाताखाली कढईसमोर बसून, डोळ्यांत धूर घेऊन तेल ढवळलं ते मी. कांडवेल किती, निर्गुडी किती, जाळ कधी कमी करायचा, सगळं मला पाठ होतं. त्या वारल्या तेव्हा बरणी भरलेली होती. ती पुरेपर्यंत तेल कोणाकडे जाणार हा प्रश्न कुणी काढला नाही. मी तर तो प्रश्न आहे असंही धरलं नव्हतं. पण सगुणा आली, वर्ष उलटलं आणि बरणीचा तळ दिसायला लागला.

श्रावणातल्या एका सकाळी मामांनी आम्हा दोघींना पडवीत बोलावलं.

"तेलात मुळी घालाय लागती," ते म्हणाले. "भारद्वाजाची. माज्या आजीनं मिळवलीती. झिजून झिजून संपली ती. मुळीबिगर तेल म्हंजे नुसतं फोडनीचं."

"मग आता?" मी विचारलं.

"वड्याकाठच्या कळकाच्या बेटात जोडीनं घरटं केलंय. पिल्लं हायत. पिल्लाच्या पायाला तार बांधायची. भारद्वाज रानातनं मुळी शोधून आनतो, तारंला लावतो, तार तुटती. मुळी घरट्यातच ऱ्हाती. पिल्लं उडाली की घरटं आनायचं आन् त्याच्या काड्या वाहत्या पान्यात सोडायच्या. बाकीच्या जातील पान्यासंगं. जी उलटी, पान्याच्या वर जाईल ती मुळी."

हे सगळं मी लहानपणापासून ऐकून होते. पण पुढचं नव्हतं ऐकलं.

"राखन दोघींनी आळीपाळीनं करायची. जिच्या राखनीत तार तुटंल तिला भारद्वाजानं कौल दिला आसं समजायचं. काड्या तिनं सोडायच्या. मुळी गावली तर तेल तिचं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नऊ वर्षं मी धूर खाल्ला आणि आता निवाडा कोण करणार, तर ते पाखरू. आणि ते कुणाच्या बाजूचं आहे हे तर सगळ्या गावाला माहीत होतं.

"व्हय मामा," सगुणा म्हणाली.

तार बांधायला आम्ही तिघं गेलो. बांबूच्या बेटाच्या काटेरी गचपणात, छातीएवढ्या उंचीवर, पाचोळ्याचा आणि काड्यांचा मोठा गोळा होता आणि त्याला बाजूने भोक. आत दोन पिल्लं. काळी कातडी, तिच्यावर पांढरे राठ केस; बघून मळमळावं असं रूप. मामांनी एकाला हात लावताच त्याने त्यांच्या हातावर काळंकुट्ट, घाण वासाचं पाणी सोडलं. मामांनी हात धोतराला पुसला आणि परसाद मिळाल्यासारखे हसले. मोतीबिंदूने त्यांना नीट दिसत नव्हतं, पण बोटांत कसब होतं. तार त्यांनी पायाभोवती सैल गुंडाळून पीळ दिला आणि दुसरं टोक फांदीला अडकवलं.

"पिल्लाला लागंल का मामा?" सगुणाने विचारलं.

"सैल हाय. हाडवैद्याच्या हाताची हाय."

सकाळी एक, दुपारून दुसरी, अशा आमच्या राखणीच्या पाळ्या सुरू झाल्या. मी बेटापासून जरा दूर, उसाच्या बांधावर बसायची. त्या जोडीचा सगळा संसार मी तेव्हा पाहिला. नर आणि मादी दोघं सारखेच दिसतात, त्यामुळे कोण कोण ते कळायचं नाही, पण खेपा दोघांच्याही चालायच्या. टोळ आणायचे, सरडे आणायचे, गोगलगाई शंखातून ओढून काढायचे. आभाळ भरून आलं की एक इथून घुमायचा, घुप, घुप, घुप, रिकाम्या रांजणात तोंड घालून ओरडावं तसा, आणि दुसरा उसातून त्याला उत्तर द्यायचा.

एकदा त्यांतला एक बुलबुलाचं उघडंवाघडं पिल्लू चोचीत धरून आला. मागे बुलबुलांची जोडी जिवाच्या आकांताने ओरडत होती. मला फार समाधान वाटलं. हे असलं चोर पाखरू आणि याच्यापुढे माझा सासरा हात जोडतो. दुपारी सगुणा पाळीवर आली तेव्हा मी तिला तिखटमीठ लावून सांगितलं.

"त्येच्या घरात बी खानारी तोंडं हायत आक्का," ती म्हणाली आणि माझी जागा घेऊन बसली.

खरं सांगायचं तर पाखरांकडे मी कमीच पाहत होते. माझी पाळी संपली तरी मी घरी जायची नाही. उसात शिरायची आणि पानं बाजूला करून सगुणाकडे बघत बसायची. ती काय करते, घरट्याजवळ जाते का, भारद्वाज तिच्याजवळ येतो का. एकदा तो तिच्यापासून दोन हातांवरून चालत गेला. माझ्या पाळीला तो बांधाच्या पलीकडून जायचा.

त्यात गावचा एक तेली रोगी म्हणून आला. कोपर निखळलेलं. मामांनी बसवलं, मी तेल घेऊन गेले, तर तो संकोचाने म्हणतो, "वहिनी, राग मानू नगा, पर धाकट्या सूनबाईंच्या हातनं लावलं तर?" मी वाटी त्याच्यापुढे ठेवली आणि परड्यात जाऊन शेणी थापल्या. त्या दिवशी फार थापल्या.

आणि मग एका दुपारी, घरच्या कामामुळे मी उसात गेले नव्हते त्या दिवशी, सगुणा धावत घरी आली. धावताना तिला मी पहिल्यांदा पाहिलं.

"मामा, पिल्लू मोकळं झालं. तार लोंबतीया नुसती."

मामांनी काठी घेतली आणि चप्पलही न घालता निघाले. मी मागोमाग. खरंच, पिल्लू सुटलं होतं. दोन्ही पिल्लं घरट्याच्या तोंडाशी बसून आमच्याकडे लाल होऊ लागलेल्या डोळ्यांनी बघत होती. मामांनी तारेला चाचपलं आणि ती फांदीवरून सोडवून हातात घेतली.

"तुटली," ते म्हणाले. "माज्या आजीच्या येळंला अशीच तुटली हुती."

तार त्यांनी कपाळाला लावून माझ्या हातात दिली, देवापुढे ठेव म्हणून. मी ती घरी नेली आणि देवापुढे ठेवण्याआधी उजेडात धरली. मला मोतीबिंदू नव्हता. तुटलेल्या तारेचं टोक सरळ असतं. हिचं पायाकडचं टोक पिळापिळाने उलगडलेलं होतं, वेणी सोडावी तसं. एवढा पीळ चोचीने सुटत नाही. बोटं लागतात.

माझ्या मनात काय काय झालं ते सांगता येणार नाही. आनंद झाला, हे मात्र नक्की. भाग्याची, पायगुणाची, लक्ष्मीच्या पावलांची सगुणा लबाड निघाली होती. मी थेट चुलीपाशी गेले. ती पीठ मळत होती आणि तिच्या मनगटावर काट्यांचे लांब ओरखडे होते.

"तार तू सोडलीस," मी म्हणाले.

तिने परातीतून हात काढले नाहीत. "व्हय."

"तेलासाठी?"

"पिल्लाचा पाय सुजला हुता आक्का. मामांनी सैलच बांधलीती, पर पिल्लू रोज वाढतंय. तार आत रुतली हुती. आजून दोन दिवस ऱ्हायली असती तर पाय गळाला असता." मग ती हळूच म्हणाली, "हाडवैद्याचं घर आपलं. आपल्याच हातानं पाय मोडायचा का?"

"मग मामांना सांगायचं होतंस."

"सांगनार हुते. पर त्यांनी तार कपाळाला लावली. मग तोंडच उगडना. तुमी सांगा. मी न्हाई म्हननार न्हाई."

तिच्याइतक्याच पाळ्या मी केल्या होत्या. तिला पिल्लाचा पाय दिसला. मला इतक्या दिवसांत एकदाही दिसला नाही, कारण मी तिच्याकडे बघत होते.

मामांना मी सांगितलं नाही. आता कुणाला वाटेल की मला तिची दया आली. तसं काही नव्हतं. मी हिशोब केला होता. सांगितलं असतं तर गावाने काय म्हटलं असतं? धाकटीने मुक्या जिवाचा पाय वाचवला, आणि थोरलीने चहाडी केली. पायगुण होताच, वर दयाही तिच्याच पदरात पडली असती. तार मी देवापुढे ठेवली आणि गप्प बसले. म्हटलं, ओढ्यावर बघू.

पिल्लं उडून गेली. मामांनी रिकामं घरटं धोतराच्या पानात बांधून ओढ्यावर आणलं. ओढा श्रावणाच्या पाण्याने भरून चालला होता. आम्ही दोघी, आमचे दोघींचे नवरे आणि काठावर आलेगेले चार लोक.

आमच्या ओढ्यात धुण्याचा एक मोठा दगड आहे. पाणी त्याच्यावर आपटून दोन्हीकडून पुढे जातं, पण त्याच्या पाठीमागे ते गोल फिरून पुन्हा दगडाकडेच येतं. तिथे हातातून सुटलेलं फडकं वाहून जात नाही, वर सरकत दगडाला येऊन चिकटतं. मामांना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं, कारण मामांनी जन्मात धुणं धुतलं नव्हतं. मी मनात म्हटलं, सगुणा त्या दगडाजवळ गेली नाही म्हणजे मिळवली.

मामांनी घरटं मोकळं केलं आणि काड्यांची मूठ सगुणाच्या हातात दिली. ती साडी खोचून पाण्यात उतरली. दगडाजवळून गेली. पण ती थांबली नाही. पुढे, अगदी मधल्या धारेत, मांडीएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिली आणि एकेक काडी सोडायला लागली. काडी पडायची आणि सुसाट खाली जायची. मामा पाण्याकडे डोळे बारीक करून बघायचे आणि मग आमच्या मालकांना विचारायचे, "काय रं?"

"गेली," मालक म्हणायचे.

"ही?"

"ती बी गेली."

मामांचा चेहरा काडीगणिक उतरत चालला. म्हातारा माणूस तो, काठीवर भार देऊन चिखलात उभा. मला त्यांचं वाईट वाटत होतं आणि सगुणाची फजिती बघून बरं वाटत होतं, दोन्ही एकाच वेळी.

थोड्या काड्या उरल्या तेव्हा सगुणा काठाशी आली.

"मामा, माज्या हाताला यश न्हाई. ह्या आक्कास्नी द्या."

"कौल तुला दिलाय त्यानं," मामा म्हणाले.

"कौल तारंचा हुता. मुळीचा आक्कांचा आसंल."

मामांनी मान डोलावली. मी काड्या घेतल्या आणि सरळ दगडाच्या मागे जाऊन उभी राहिले. कुणी काही विचारलं नाही. पहिली काडी जरा लांब पडली आणि धारेला लागून गेली. दुसरी मी पायाशी सोडली. ती क्षणभर घुटमळली, स्वतःभोवती फिरली आणि सावकाश, सगळ्यांच्या देखत, वर सरकत दगडाला जाऊन टेकली.

काठावरच्या लोकांनी हात जोडले. मामा धोतरासकट पाण्यात उतरले, चाचपडत त्यांनी ती काडी उचलली आणि डोळ्यांना लावली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"थोरले," ते म्हणाले, "बरनी तुजी."

त्या संध्याकाळी मी सगुणाला गाठलं. खरं तर मला जरा मिरवायचं होतं. ती गोठ्यात म्हशीपुढे वैरण टाकत होती.

"इतकी मधल्या धारेत कशाला गेलीस?" मी म्हणाले. "तिथं कुठली काडी वर येणार?"

ती वैरण सारखी करत राहिली. "मला ठावं हुतं."

"काय ठाऊक होतं?"

"दगडाच्या मागं पानी उलटं फिरतं ते. ह्या घरात आल्यापासनं सगळ्यांचं धुनं मीच धुतीया आक्का. तुमीच धाडता रोज."

हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

"मग तिथं का नाही सोडल्यास? तेल तुझं झालं असतं."

सगुणा उभी राहिली. हातांना लागलेला कडबा झटकला. ती माझ्याकडे सरळ कधी बघत नसे, त्या दिवशी तिने पाहिलं.

"तेल मला मिळालं आसतं तर तुमी मला मरस्तवर सोडलं नसतं. वरीसभर बगतीया मी. उसात बसून बी बगत हुता तुमी, ते काय मला दिसत नव्हतं? मला ह्या घरात ऱ्हायचंय, आक्का. बरनी तुमी घ्या. मला तेवडं सुकानं ऱ्हाऊ द्या."

एवढं बोलून ती म्हशीखाली बसली आणि धारा काढायला लागली. तिच्या आवाजात ना राग होता ना उपकार. बाजारात भाव ठरवावा आणि मोजून माल हातात द्यावा, तसं तिने ते माझ्या हातात ठेवलं होतं.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझे मालक हाडं बसवतात, तेल मी करते, आणि तेलाला गुण आहे. लांबलांबून गाड्या करून लोक येतात. पाया पडतात आणि म्हणतात, आक्का, तुमच्या हातात जादू आहे. सगुणा तिथेच कुठेतरी तांदूळ निवडत बसलेली असते. ती मान वर करून म्हणते, "व्हय की. आमच्या आक्कांचा हातच तसा हाय." अगदी मनापासून म्हणते, कुणालाही विचारा. आणि माझ्या पोटात जे दुखायला लागतं, त्यावर हे तेल चोळून उपयोग नाही.